न्यूयॉर्कमधील जुनीं इटालियन भोजनगृहें

मुंबई-पुण्याकडील ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी न्यूयॉर्क अथवा न्यू जर्सीकडे नोकरीस आहे, त्या घरांतील वडील मंडळींनीं चार-सहा महिने तिकडे जाऊन राहणें हें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. पहिला महिना घरच्या वरणभातावर आनंदानें जातो. पुढें एखाद्या रविवारीं मुलें म्हणतात, “चला, आज बाहेर जेवूं.” आणि मग प्रश्न पडतो, जेवावयाचें कोठें?

न्यूयॉर्क शहरांत ह्या प्रश्नाला एक फार चांगलें उत्तर आहे, आणि तें म्हणजे जुन्या वळणाचें इटालियन भोजनगृह. गहूं, टोमॅटो, लसूण, वांगें, चीज आणि ऑलिव्हचें तेल ह्या जिनसांवर उभा राहिलेला हा स्वयंपाक आपल्या जिभेला परका वाटत नाहीं. अडचण एवढीच कीं, इटालियन म्हणविणारीं भोजनगृहें त्या शहरांत पावलोपावलीं आहेत. त्यांतील कोणतें खरोखर जुनें, कोणतें चांगलें आणि कोणतें खिशाला सोसणारें, हें दारावरच्या पाटीवरून कळत नाहीं. तें कसें ओळखावें, ह्याविषयीं आज मी आपणांस कांहीं सांगणार आहें.

प्रथम ‘जुन्या वळणाचें’ म्हणजे काय, हें पाहूं. सन १८८० पासून १९२४ पर्यंत सुमारें ४० लाख इटालियन माणसें अमेरिकेंत आलीं. १९२४ च्या कायद्यानें हा ओघ जवळजवळ थांबविला. आलेल्यांपैकीं बहुतेक दक्षिण इटलींतले, म्हणजे नेपल्सच्या आसपासचे, कालाब्रियांतले आणि सिसिली बेटावरचे गरीब शेतकरी व मजूर होते. पुष्कळसे पुरुष पहिल्यानें एकटेच आले. आपल्याकडे परळ-लालबागच्या गिरणगांवांत कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांसाठीं जशा खानावळी निघाल्या, तसेंच तिकडेही झालें. दोन खोल्यांत राहणारी एखादी बाई चार बिऱ्हाडकरी ठेवी आणि त्यांना रांधून वाढी. अशाच चुलींतून पुढें कांहीं भोजनगृहें जन्माला आलीं.

ह्या मंडळींना नव्या देशांत एक मोठा पालट अनुभवास आला. मायदेशीं ज्यांच्या ताटांत मांस केवळ सणावारीं पडे, त्यांना तें मजुरीच्या पैशांत वरचेवर परवडूं लागलें. त्यामुळें त्यांचा स्वयंपाक बदलला. स्पॅगेटीवर खिम्याचे मोठे गोळे आणि वर टोमॅटोचा दाट रस, हा जो पदार्थ आपण इटालियन म्हणून ओळखतों, तो ह्या रूपांत अमेरिकेंतच वाढला. इटलींत पास्ता आधीं येतो आणि मांस मागाहून, निराळ्या ताटलींत. तीच गोष्ट पार्मिजानाची. दक्षिण इटलींत वांग्याचे काप तळून, टोमॅटोचा रस व चीज ह्यांचे थर देऊन भट्टींत भाजतात. अमेरिकेंत वांग्याच्या जागीं कोंबडी आली आणि तोच पदार्थ अधिक लोकप्रिय झाला.

म्हणूनच रोम-फ्लॉरेन्स पाहून आलेली कांहीं विद्वान मंडळी ह्या अन्नाला नाकें मुरडतात व हें खरें इटालियन नव्हे असें सांगतात. मला हें म्हणणें पटत नाहीं. मुंबईच्या इराण्याच्या चहाला आपण तेहरानची कसोटी लावीत नाहीं. परमुलखांत गेलेल्या गरीब माणसांनीं हाताशीं असलेल्या जिनसांतून आपल्या आठवणींना जें रूप दिलें, तेंही खरेंच असतें. त्याला आतां शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे.

ह्या भोजनगृहांना बळ मिळालें तें एका विचित्र कारणानें. १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेंत दारूबंदी होती. परंतु घरच्यापुरता द्राक्षांचा रस करण्यास कायद्यांत मुभा होती, आणि इटालियन कुटुंबांना त्या रसाचें पुढें काय होतें हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. तळघरांत पिंपें भरलीं जात. ठराविक दामांत भरपेट जेवण आणि सोबत चहाच्या कपांतून वाढलेली घरची तांबडी वाईन, असा बेत कित्येक ठिकाणीं चाले. इटालियन वस्तीकडे पूर्वीं न फिरकणारे शहरवासी ह्या निमित्तानें तेथें येऊं लागले. कायदा उठला, पण लागलेली गोडी सुटली नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. चांगलें भोजनगृह ओळखण्याची माझ्या मतें एकच कसोटी आहे, आणि बाकीच्या खुणा तिच्यांतूनच निघतात. आपण स्वत:ला विचारावें: ह्या दुकानाचें पोट कोणावर भरतें? एकदांच येऊन जाणाऱ्या प्रवाशावर, कीं पुन:पुन्हां येणाऱ्या शेजाऱ्यावर? ज्याचें गिऱ्हाईक पुन्हां येणारच नसतें, त्याला पाटी, दिवे आणि मोक्याची जागा ह्यांवर खर्च करणें पुरतें. ज्याचें गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यांत परत यावयाचें असतें, त्याला स्वयंपाकघर सांभाळावें लागतें आणि भावही बेतानें ठेवावा लागतो.

ही कसोटी लावून पाहिल्यास मॅनहॅटनमधील मलबेरी स्ट्रीटवर, म्हणजे प्रवासी ज्याला ‘लिटल इटली’ म्हणून पाहावयास जातात तेथें, थोडें सावध राहावें. एके काळीं ही खरोखरच इटालियनांची दाट वस्ती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तीं कुटुंबें ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स, स्टेटन आयलंड आणि न्यू जर्सीकडे मोठ्या घरांत राहावयास गेलीं. शेजारची चिनी वस्ती वाढत आली. मागें राहिली ती मुख्यत: भोजनगृहांची रांग. तेथें कांहीं दारांशीं माणूस उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हांका मारतो. ज्या घरीं गिऱ्हाईक आपल्या पायांनीं येतें, त्या घराला हांक मारण्यासाठीं माणूस ठेवावा लागत नाहीं. तरी ह्या भागांत जाऊंच नये असें मी म्हणत नाहीं. ग्रँड स्ट्रीटवर फेरारा ही १८९२ पासूनची मिठाई व कॉफीची पेढी आहे, तेथें बसून कॉफी घ्यावी. सप्टेंबरांत सान जेनारोचा उत्सव १९२६ पासून भरतो, तोही पाहावा. मात्र पोटभर जेवण्यासाठीं पुढें सरकावें.

दुसरी खूण म्हणजे आंत बसलेलीं माणसें. रविवारीं दुपारीं आजोबा, मुलगा आणि नातू एकाच टेबलाशीं बसलेले दिसले आणि वाढपी त्यांना नांवानें हांक मारीत असला, तर बेलाशक आंत जावें. तिसरी खूण पदार्थांच्या यादीची. यादी छायाचित्रांनीं भरलेली नसावी, आणि किंमती स्पष्ट छापलेल्या असाव्या. वाढपी ‘आजचा खास पदार्थ’ तोंडीं सांगतो, तेव्हां त्याची किंमत विचारण्यांत कमीपणा मानूं नये; पुष्कळदां तोच पदार्थ सर्वांत महाग असतो. चौकड्यांचें तांबडें-पांढरें टेबलपोस आणि वेत गुंफलेली वाईनची बाटली ह्यांवर मात्र भरंवसा ठेवूं नये. त्या दोन्ही वस्तू बाजारांत विकत मिळतात आणि कालच उघडलेल्या दुकानालाही वयस्कर रूप देतात.

चौथी खूण शेजाराची. ज्या गल्लींत अजून इटालियन बेकरी आहे, चीज करणारा आहे, ताजा पास्ता लाटणारा आहे, त्या गल्लींतील भोजनगृहाला वाईट अन्न वाढून निभावतां येत नाहीं. कारण खाणाराला त्यांतलें कळतें. असा एक भाग आजही ब्राँक्समध्यें आहे, तो आर्थर ॲव्हेन्यूचा. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो लाग्वार्डिया हे स्वत: इटालियन बापाचे मुलगे. रस्त्यावरच्या हातगाड्या हटवून त्यांनीं विक्रेत्यांना छपराखालीं जागा दिली, आणि १९४० मध्यें तेथें मंडई उघडली. ती मंडई अद्याप चालू आहे. जवळच मादोनिया ह्यांची १९१८ पासूनची बेकरी आणि बोर्गात्ती ह्यांचें १९३५ पासूनचें ताज्या पास्त्याचें दुकान आहे. मारियोज हें भोजनगृह १९१९ पासूनचें. ग्रँड सेंट्रल स्थानकांतून गाडीनें फोर्डमला उतरल्यास चालत जातां येतें. ब्राँक्सचें प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती-उद्यान हीं दोन्हीं जवळच असल्यामुळें नातवंडांना घेऊन सबंध दिवस तेथें सुखानें जातो.

ब्रुकलिनमध्यें विल्यम्सबर्ग भागांत बामोंते ह्यांचें भोजनगृह १९०० पासून आहे. भोंवतालची वस्ती पार पालटली, तरी तें जुन्याच थाटांत उभें आहे. मॅनहॅटनमध्येंच राहावयाचें असेल, तर ईस्ट व्हिलेजमध्यें बाराव्या रस्त्यावर जॉन्स हें १९०८ पासूनचें भोजनगृह आहे. मेणबत्त्यांचें वर्षानुवर्षांचें मेण सांचून झालेला तेथील ढीग प्रसिद्ध आहे. जेवणानंतर अकराव्या रस्त्यावर व्हेनिएरो ह्यांच्याकडे, म्हणजे १८९४ पासूनच्या मिठाईच्या दुकानीं, तोंड गोड करतां येतें.

ह्याच्या उलट, ईस्ट हार्लेममध्यें १८९६ पासूनचें राओज हें भोजनगृह आहे. त्याचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें, आणि त्याच्या नांवाचा बाटलींतला टोमॅटोचा रस वाण्याकडे मिळतो. परंतु तेथील मोजकीं टेबलें वतनासारखीं ठराविक मंडळींकडे वर्षानुवर्षें चालत आलेलीं आहेत. परस्थ माणसाला तेथें जागा मिळणें जवळजवळ अशक्य. त्यासाठीं जीव टाकूं नये.

खर्चाविषयीं नीट सांगणें अवश्य आहे, कारण येथेंच आपल्याकडील माणूस चकतो. यादीवरची किंमत ही द्यावयाची किंमत नव्हे. न्यूयॉर्क शहरांत त्यावर शेंकडा ८.८७५ विक्रीकर पडतो. शिवाय वाढप्याला शेंकडा १८ ते २० बक्षिसी देण्याचा रिवाज आहे. ही बक्षिसी ऐच्छिक उपकार समजूं नये. तेथें वाढप्याचें वेतनच ती धरून ठरविलेलें असतें. सोपी युक्ती अशी कीं, बिलावर कराचा जो आंकडा असेल त्याची दुप्पट करावी, म्हणजे जवळजवळ बरोबर बक्षिसी निघते. २० डॉलरांच्या पदार्थावर कर १.७८, बक्षिसी ३.५५, म्हणजे एकूण सव्वापंचवीस डॉलरांहून किंचित् अधिक. हा हिशेब मनांत धरूनच यादी वाचावी. चार-सहा माणसें असल्यास बिलांत बक्षिसी आधींच जोडली आहे काय, हेंही पाहावें, नाहीं तर ती दोनदां जाते.

खर्च आटोक्यांत ठेवण्याचे मार्ग मात्र पुष्कळ आहेत. रात्रीपेक्षां दुपारचें जेवण बहुधा स्वस्त पडतें. जुन्या भोजनगृहांत एक ताट दोघांना पुरेल इतकें अन्न येतें. तेव्हां चौघांत तीन पदार्थ मागवून वांटून घ्यावे. उरलेलें बांधून मागण्यास तेथें कोणी हंसत नाहीं. नळाचें पाणी उत्तम असून फुकट मिळतें; ‘साधें पाणी’ म्हणून स्पष्ट सांगावें, नाहीं तर विकतची बाटली पुढें येते. कांहीं जुन्या ठिकाणीं रोख पैसेच चालतात, म्हणून थोडी रोकड जवळ असावी. दारावर ए, बी किंवा सी असें अक्षर लावलेलें दिसेल. २०१० पासून आरोग्यखातें तें स्वच्छतेसाठीं देतें. त्यावरून चवीचा अंदाज बांधूं नये, पण स्वच्छतेपुरतें तें अवश्य वाचावें.

अगदीं थोडक्यांत भागवावयाचें असेल, तर पिझ्झा आहेच. कोळशाच्या भट्टीचीं जुनीं दुकानें, उदाहरणार्थ ब्लीकर स्ट्रीटवरचें १९२९ पासूनचें जॉन्स, अख्खाच पिझ्झा देतात. तो तिघांचौघांत खावा. एकट्या माणसासाठीं गल्लोगल्लीं मिळणारा पिझ्झाचा एक तुकडा पुरतो. १९८० सालीं एका न्यूयॉर्ककरानें असें दाखवून दिलें होतें कीं, ह्या तुकड्याची किंमत आणि भुयारी गाडीचें भाडें हीं कित्येक वर्षें बरोबरीनें चढत आलीं आहेत. कामकरी माणसाचें अन्न आणि त्याचा प्रवास ह्यांची अशी सांगड पडावी, हें त्या शहराविषयीं बरेंच कांहीं सांगून जातें.

शाकाहारी मंडळींसाठीं दोन शब्द. मारिनारा ह्या शब्दाचा संबंध खलाशांशीं असला, तरी त्या रसांत मासळी नसते. टोमॅटो, लसूण आणि तेल एवढेंच असतें. नुसत्या लसूण-तेलाचा पास्ता, वांग्याचें पार्मिजाना आणि कडसर पालेभाजी लसणीवर परतून केलेली, हे आपल्याला हमखास रुचणारे पदार्थ. उलट पुत्तानेस्कांत बहुधा खारवलेली बारीक मासळी असते. मिनेस्त्रोने ह्या भाज्यांच्या सूपांत मांसाचें पाणी असूं शकतें, आणि पावट्यांच्या सूपांत डुकराच्या मांसाचा तुकडा. म्हणून विचारल्याशिवाय मागवूं नये. सुका पास्ता बहुधा अंड्याविना असतो, ताज्यांत अंडें बहुधा असतें. पार्मिजानो चीज करतांना वासराच्या पोटांतील विरजण वापरतात. ज्यांना तें चालत नसेल त्यांनीं चीज वगळण्यास सांगावें. वर सांगितलेल्या बाराव्या रस्त्यावरच्या जॉन्समध्यें दूध-अंडें वर्ज्य असलेल्या पदार्थांची निराळी यादीच मिळते.

सिसिलीकडचा एक पदार्थ तर आपल्या माणसानें मुद्दाम शोधावा. चण्याच्या पिठाचें पिठलें घोटून, थापून, गार झाल्यावर त्याच्या वड्या कापून तळतात आणि पावांत घालून देतात. त्याला पानेले म्हणतात. आपल्या पाटवडीची ही सख्खी बहीण समुद्रापलीकडे कशी नांदते, हें पाहून सुगरणींना मौज वाटेल.

पण ह्या पानेलेसाठीं सुप्रसिद्ध असलेलें ब्रुकलिनमधील फर्दिनांदोज हें १९०४ सालचें उपाहारगृह २०२५ मध्यें बंद झालें. ग्रँड स्ट्रीटवरचें आलेवा ह्यांचें १८९२ सालचें चीजचें दुकान २०२३ मध्यें मॅनहॅटन सोडून गेलें. अशीं दुकानें बंद पडतात तीं बहुधा अन्न बिघडल्यामुळें नव्हे. जागेचें भाडें चढतें, मालक थकतो, आणि बापानें भट्टीपाशीं उभें राहून ज्यांना शिकविलें तीं मुलें वकील-डॉक्टर होतात. मुलांनीं वर चढावें हीच तर त्या बापाची इच्छा होती. तेव्हां ह्यांत दोष तरी कोणाला द्यावा? आपल्या गिरणगांवांतही १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि त्यांच्या आधारानें जगणाऱ्या खानावळींच्या चुली विझल्या. त्या खानावळींतल्या आमटीची चव ज्यांनीं चाखली, त्यांना ती आज कोठें विकत मिळत नाहीं.

म्हणून न्यूयॉर्कला जाल, तेव्हां अशा एखाद्या जुन्या घरीं अवश्य जा. पहिल्या खेपेस साधा मारिनारा पास्ता मागवा. ज्याचा साधा टोमॅटोचा रस चांगला, त्याचें बाकीचें चांगलें असण्याचा पुष्कळ संभव असतो. कारण त्या रसांत लपविण्यास जागा नसते. अन्न आवडलें, दाम पटले, तर तीं नवीं ठिकाणें शोधण्याची हौस थोडी बाजूला ठेवून पुढच्या महिन्यांत पुन्हां तेथेंच जा, आणि मुलांनाही जात राहावयास सांगा. हीं भोजनगृहें परत येणाऱ्या माणसांच्या भरंवशावर सव्वाशें वर्षें उभीं आहेत, आणि पुढेंही राहतील तीं त्याच भरंवशावर.